वेबकिटची ओळ ठेवायची ती कुठल्या फोनसाठी?

मी मालवणात राहून साइट बनवते. तारकर्ली-देवबागचे होमस्टे, देवगडचे हापूसवाले, दांडी किनाऱ्यावरचे स्कूबावाले, बाजारातल्या खानावळी. या सगळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी असते. साइट ज्यांची, त्यांच्या हातातला फोन वेगळा आणि ती बघून खोली किंवा आंब्याची पेटी सांगणाऱ्याच्या हातातला वेगळा. मालकाकडे बरीच वर्षं वापरलेला अँड्रॉइड असतो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याकडे आयफोन असतो आणि तोही बरेचदा घरातल्या कुणीतरी आधी वापरलेला. तारकर्लीच्या एका काकींनी मला विचारलं होतं, "बाय, माझ्या फोनात बरा दिसता, मगे पुण्याच्या पावण्यांका आमच्या घराचा नाव कित्याक दिसना नाय?" त्यांची साइट आधी दुसऱ्या कुणी केली होती. नाव न दिसण्याचं कारण सीएसएसची, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या भाषेची, एक ओळ होती. ती कशी, ते पुढे येईलच.

माझा नियम एकच आहे. प्रीफिक्स, म्हणजे नावाआधी "-वेबकिट-" सारखी ब्राउझरची खूण, लावलेली प्रत्येक ओळ कुठल्या फोनसाठी आहे ते सांगता आलं पाहिजे. मी ते तिच्या शेजारी कॉमेंटमध्ये लिहून ठेवते: "आयफोन ८ आणि एक्ससाठी", "अँड्रॉइड ७ साठी". फोनचं नाव सांगता येत नसेल तर ती ओळ काढून टाका. (प्रॉपर्टी म्हणजे सीएसएसच्या ओळीत काय बदलायचं ते सांगणारं नाव. ही नावं मी इथे देवनागरीत लिहिते आहे. फाइलीत ती अर्थात इंग्रजी अक्षरांत, डॅशसकट लिहायची.)

आधी थोडा इतिहास, कारण तो कळला की निम्मी साफसफाई आपोआप होते. एखादी प्रॉपर्टी प्रायोगिक असेपर्यंत ब्राउझर तिच्या नावाआधी आपली खूण लावायचे. सफारी आणि क्रोमची "-वेबकिट-", फायरफॉक्सची "-मॉझ-", मायक्रोसॉफ्टची "-एमएस-", ऑपेराची "-ओ-". प्रॉपर्टीचं स्वरूप पक्कं होईपर्यंत तिच्यावर कुणी विसंबू नये, असा त्यामागचा हेतू. घडलं उलटं. आयफोन आल्यावर मोबाइल साइट लिहिणाऱ्यांनी फक्त वेबकिटची ओळ लिहिली, नि बाकीच्या ब्राउझरांत त्या साइट मोडक्या दिसू लागल्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये सीएसएस कार्यगटाचे सहअध्यक्ष डॅनियल ग्लाझमन यांनी याविरुद्ध जाहीर हाक दिली. पण त्याच वर्षी ऑपेराने काही वेबकिट नावं स्वतःच ओळखायला सुरुवात केली. पुढे मायक्रोसॉफ्टच्या एजने तेच केलं आणि सप्टेंबर २०१६ मध्ये फायरफॉक्स ४९ नेही. कुठली वेबकिट नावं सगळ्या ब्राउझरांनी कायम ओळखायची, याचं आता "कम्पॅटिबिलिटी स्टँडर्ड" नावाचं रीतसर दस्तऐवज आहे. वेबकिट हे सफारीचं इंजिन, म्हणजे पान रंगवणारा ब्राउझरच्या आतला भाग. क्रोमने २०१३ मध्ये ब्लिंक हे वेगळं इंजिन काढलं, तेव्हा नवे प्रीफिक्स आणायचे नाहीत असं ठरवलं. नवं काही असलं तर ते सेटिंगमधल्या फ्लॅगमागे, म्हणजे मुद्दाम चालू केलं तरच दिसणारं.

म्हणून "-ओ-" आणि "-एमएस-" च्या ओळी डोळे मिटून काढा. बॉर्डर-रेडियस, बॉक्स-शॅडो, ट्रान्झिशन, ट्रान्सफॉर्म, ॲनिमेशन, फ्लेक्स यांच्यापुढचं वेबकिटही काढा. "-मॉझ-" प्रॉपर्टी जवळजवळ सगळ्या काढता येतात. रेंज स्लायडरच्या बटणासारख्या काही सूडो-एलिमेंटना (घटकाच्या आतल्या भागांच्या नावांना) मात्र दुसरं नाव नाही, त्या ठेवाव्या लागतात.

ग्रेडियंटपाशी जरा थांबा. समुद्राच्या निळ्यापासून वाळूच्या रंगापर्यंत जाणारी पट्टी आमच्याकडे प्रत्येकाला हवी असते आणि ती जुन्या कोड जनरेटरवरून उचललेली असते. जुन्या वेबकिट ग्रेडियंटमध्ये "टॉप" म्हणजे वरून सुरू. प्रमाण, म्हणजे प्रीफिक्सशिवायच्या पक्क्या झालेल्या, ग्रेडियंटमध्ये "टू बॉटम" म्हणजे खाली जाणारा. कोनही वेगळे. जुन्यात शून्य अंश उजवीकडे आणि मोजणी घड्याळाच्या उलट, म्हणजे ९० अंश खालून वर. प्रमाणात शून्य अंश वर आणि मोजणी घड्याळाप्रमाणे, म्हणजे ९० अंश डावीकडून उजवीकडे. त्यामुळे नुसता प्रीफिक्स खोडून चालत नाही, दिशा नव्याने लिहावी लागते. नाहीतर "टॉप" ची ओळ ब्राउझर सोडून देतो आणि कोन दिलेला असेल तर समुद्र आणि वाळू आडवे होतात.

कुठला फोन कुठे अडकला आहे

आयफोनवर सफारी आयओएसबरोबरच अपडेट होते, वेगळी नाही. पाहुण्याने क्रोम टाकलेलं असलं तरी आपल्याकडच्या आयफोनवर आत वेबकिटच चालतं. दुसरं इंजिन चालवायची मुभा २०२४ मध्ये युरोपीय संघात मिळाली, आपल्याकडे नाही. इन्स्टाग्राममधून लिंक उघडली तरी तेच. म्हणजे आयफोनचं मॉडेल कळलं की इंजिनची हद्द कळली. ६एस, ७ आणि पहिला एसई आयओएस १५ वर थांबले. ८ आणि एक्स १६ वर थांबले. एक्सआर आणि एक्सएस १८ पर्यंत पोचले.

अँड्रॉइडवर क्रोम प्ले स्टोअरवरून वेगळं अपडेट होतं, पण त्यालाही हद्द आहे. अँड्रॉइड ७ असलेल्या फोनवर क्रोम ११९ हे शेवटचं. अँड्रॉइड ८ आणि ९ वर १३८ शेवटचं. हे आकडे एका कागदावर लिहून टेबलापुढे चिकटवा. पुढचे सगळे निर्णय त्यावरूनच होतात.

नाव गायब का झालं

काकींच्या साइटवर घराचं नाव ग्रेडियंटने भरलेल्या अक्षरांत होतं. त्यासाठी बॅकग्राउंडला ग्रेडियंट देतात, "बॅकग्राउंड-क्लिप: टेक्स्ट" लिहितात आणि अक्षरांचा रंग पारदर्शक करतात. क्रोमने बॅकग्राउंड-क्लिपची ही टेक्स्ट किंमत प्रीफिक्सशिवाय घेतली ती आवृत्ती १२० पासून. अँड्रॉइड ७ चे फोन ११९ वर थांबलेले, म्हणजे एका आवृत्तीने चुकलेले. तिथे क्लिपची ओळ ब्राउझर सोडून देतो, पण "रंग पारदर्शक" ही ओळ त्याला कळते आणि तो ती पाळतो. परिणाम असा की रंगाची आडवी पट्टी दिसते आणि नाव नाही. पुण्याच्या त्या पाहुण्यांकडे आयफोन नव्हता, असाच जुना अँड्रॉइड होता.

न समजलेली ओळ ब्राउझर गुपचूप सोडतो, बाकीच्या पाळतो. प्रीफिक्सची सगळी करामत आणि सगळा धोका याच स्वभावात आहे. त्यामुळे जोडीने चालणाऱ्या ओळींतली एक गळली तर काय उरेल, हा प्रश्न आधी विचारायचा.

उपाय असा करा. साध्या रूलमध्ये नावाला साधा गडद रंग द्या. मग "@सपोर्ट्स" (ब्राउझरला अमुक ओळ कळते का, ते विचारणारी सोय) लिहून कंसात "बॅकग्राउंड-क्लिप: टेक्स्ट" किंवा "-वेबकिट-बॅकग्राउंड-क्लिप: टेक्स्ट" अशी अट घाला. ग्रेडियंट, क्लिप आणि पारदर्शक रंग हे तिन्ही त्या अटीच्या आतच ठेवा. क्लिपच्या दोन ओळींत आधी वेबकिटची, मग प्रमाण. हा क्रम सगळीकडे पाळा, कारण दोन्ही नावं ओळखणारा ब्राउझर नंतरची ओळ धरतो.

देवनागरीची एक खास अडचण इथेच येते. बॅकग्राउंड घटकाच्या चौकटीपुरतंच रंगतं. लाइन-हाइट कमी ठेवली की उकार आणि वेलांट्या चौकटीबाहेर जातात आणि तेवढा भाग रंगतच नाही. इंग्रजी नमुन्यावरून १.१ ठेवली असेल तर "गुहागर" चा उकार तुटेल. मी १.५ च्या खाली जात नाही, वर थोडं पॅडिंगही देते.

मास्कचं, म्हणजे घटक ठरावीक आकारात कापणाऱ्या साच्याचं, गणित तसंच आहे. क्रोमने मास्क प्रॉपर्टी प्रीफिक्सशिवाय घेतली तीही १२० मध्येच. सफारीने १५.४ मध्ये. मुखपृष्ठावरच्या फोटोची खालची कड लाटेसारखी कापायला मास्क वापरला असेल तर काळजी नाही. मास्क नसला तर कड सरळ दिसेल, फोटो राहीलच. पण फोन, नकाशा, व्हॉट्सॲप यांची चिन्हं रंगीत चौकोनावर मास्क टाकून काढायची पद्धत हल्ली फार आहे. तिथे मास्क गळला की चिन्हाच्या जागी नुसता हिरवा चौकोन उरतो आणि तो दाबायचा असतो हे कुणाला कळत नाही. होमस्टेचं अर्धं बुकिंग त्या चौकोनातून येतं! म्हणून "-वेबकिट-मास्क" ची ओळ वर लिहा आणि चिन्हाशेजारी "व्हॉट्सॲप करा" हे शब्दही ठेवा. शिवाय एकापेक्षा जास्त मास्क एकत्र करत असाल तर कम्पोझिटच्या (ते कसे एकत्र करायचे ते सांगणाऱ्या प्रॉपर्टीच्या) जुन्या आणि नव्या किमती वेगळ्या आहेत. प्रमाणातला "इंटरसेक्ट" वेबकिटमध्ये "सोर्स-इन" होतो आणि "एक्सक्लूड" चा "एक्सॉर". तीच किंमत दोन्हीकडे चिकटवली तर वेबकिटची ओळ वाया जाते.

धुरकट काचेची पट्टी

फोटोवर धुरकट काच आणि तिच्यावर दर. बॅकड्रॉप-फिल्टर सगळ्यांना आवडतो. सफारीत तो आवृत्ती ९ पासून आहे, पण वेबकिट प्रीफिक्ससह. प्रीफिक्सशिवाय तो सफारी १८ मध्ये, म्हणजे २०२४ च्या सप्टेंबरात आला. क्रोमने ७६ मध्ये आणि फायरफॉक्सने १०३ मध्ये थेट प्रमाण नावानेच दिला. म्हणजे आयओएस १५ आणि १६ वर अडकलेल्या प्रत्येक आयफोनला प्रीफिक्सची ओळ हवीच आणि ती गरज त्या फोनच्या आयुष्यभर राहणार. १७ वर थांबलेल्या, अपडेट न केलेल्या फोनलाही हवी.

पण नुसती ओळ घालून थांबू नका. काच नसली तरी दर वाचता आले पाहिजेत. आमच्याकडचे फोटो पांढऱ्या वाळूचे आणि फेसाळ पाण्याचे असतात. त्यावर १५ टक्के पांढरी पट्टी आणि पांढरी अक्षरं असतील तर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला काहीच दिसणार नाही. साध्या रूलमध्ये गडद, जवळजवळ अपारदर्शक पट्टी द्या. "@सपोर्ट्स" मध्ये दोन्ही नावांपैकी एक असेल तरच पट्टी पातळ करा आणि ब्लर लावा. आधी घट्ट, मग पातळ. उलट करू नका.

स्वस्त फोनवर मोठ्या भागाला ब्लर लावला की स्क्रोल अडखळतं. तेव्हा पट्टी लहानच असू दे.

जी वेबकिट नावं कायमची आहेत

काही नावं जुनी दिसली तरी काढायची नसतात. मेनूतल्या पदार्थाची माहिती तीन ओळींत कापायला लागतात चार गोष्टी: "डिस्प्ले: -वेबकिट-बॉक्स", "-वेबकिट-बॉक्स-ओरिएंट: व्हर्टिकल", "-वेबकिट-लाइन-क्लॅम्प: ३" आणि "ओव्हरफ्लो: हिडन". हे फायरफॉक्समध्येही ६८ पासून याच नावांनी चालतं. एक जरी गळली तरी कापणं बंद. आणि गळते ती नेमकी ओरिएंटची. ऑटोप्रीफिक्सर या प्रीफिक्स आपोआप घालणाऱ्या साधनाच्या जुन्या आवृत्त्या तिला कालबाह्य समजून काढून टाकायच्या. तुमची प्रणाली जुनी असेल तर त्या ओळीच्या वर "ऑटोप्रीफिक्सर: इग्नोर नेक्स्ट" ही कॉमेंट घाला. या घटकाला खालून पॅडिंग देऊ नका, त्यात चौथ्या ओळीचा वरचा तुकडा डोकावतो. पॅडिंग बाहेरच्या डब्याला द्या. "सोलकढी", "कोंबडी-वडे" वाचताना पहिल्या ओळीची वेलांटी कापली जातेय का, तेही बघा.

"-वेबकिट-टेक्स्ट-स्ट्रोक" सगळ्या ब्राउझरांत याच नावाने आहे. पण देवनागरीला तो फार सांभाळून लावावा लागतो. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं, आपल्याकडे शिरोरेषेवर एकाचा आकार दुसऱ्यात शिरलेला. स्ट्रोक प्रत्येक आकाराच्या कडेला लागतो, त्यामुळे "देवगड हापूस" लिहिलं की शिरोरेषेवर जोडाजोडाला उभ्या रेघा दिसतात. सलग रेषा तुकड्या-तुकड्यांची होते आणि वाचणाऱ्याला ती खुपते. "पेंट-ऑर्डर: स्ट्रोक फिल" लिहिलं की आधी कड आणि मग तिच्यावर भरलेला रंग येतो, आतल्या रेघा झाकल्या जातात. अक्षर आतून पोकळ हवं असेल तर हा उपाय चालत नाही. तेव्हा देवनागरीसाठी पोकळ अक्षरांचा हट्ट सोडा किंवा चित्रच वापरा.

आणि यूजर-सिलेक्ट, म्हणजे मजकूर बोटाने निवडता यावा की नाही ते ठरवणारी प्रॉपर्टी. सफारीला आजही "-वेबकिट-यूजर-सिलेक्ट" लागतं, नव्या आयफोनवरसुद्धा. पण माझं मत विचाराल तर "नन" ही किंमत बटणांपलीकडे कुठेच लावू नका. फोन नंबर, यूपीआय आयडी, खोलीचा दर, पत्ता ही माणसांनी उचलून दुसऱ्याला पाठवायची माहिती आहे. काही जण "नन" सगळ्या पानावर लावतात. त्यात सफारीमध्ये फॉर्मच्या चौकटीत टाइपच होईनासं होऊ शकतं, म्हणजे चौकशी करणारा तिथूनच परततो.

सूडो-एलिमेंट लिहिताना एक वेगळा नियम. प्रॉपर्टी कळली नाही तर तेवढी ओळ जाते, पण सिलेक्टरच्या (रूल कुठल्या घटकाला लावायचा ते सांगणाऱ्या नावांच्या) यादीतला एक सिलेक्टर कळला नाही तर अख्खा रूल जातो. स्लायडरच्या बटणासाठी वेबकिटचा आणि मॉझचा सिलेक्टर स्वल्पविराम देऊन एकत्र लिहिला की क्रोम तो पूर्ण रूल फेकून देतो. दोन वेगळे रूल लिहा, आतला मजकूर तोच दोनदा आला तरी चालेल.

प्रीफिक्स नसलेल्या ठिकाणीही हीच सवय उपयोगी पडते. पूर्ण उंचीच्या पहिल्या पडद्यावर "बुक करा" बटण तळाशी असतं आणि फोनच्या ॲड्रेस पट्टीमागे लपतं. आधी "१०० व्हीएच" (पडद्याची पूर्ण उंची) लिहा, खाली "१०० एसव्हीएच" (ॲड्रेस पट्टी दिसत असतानाची उंची). जुना फोन पहिली ओळ धरेल, क्रोम १०८ आणि सफारी १५.४ पासूनचे दुसरी.

हे सगळं हाताने लिहायचं का?

नाही. आंद्रेई सितनिक यांचं ऑटोप्रीफिक्सर २०१३ पासून हेच काम करतं. तुम्ही फक्त प्रमाण ओळ लिहायची. मात्र कुठल्या ब्राउझरांसाठी, ते ब्राउझर्सलिस्ट या यादीत नीट सांगावं लागतं. "शेवटच्या दोन आवृत्त्या" एवढंच लिहिलं तर आयफोन ८ बाहेर पडतो. मी "आयओएस १५ आणि पुढे" आणि "क्रोम ११९ आणि पुढे" असं स्पष्ट लिहिते. इथे एक खाच आहे. अँड्रॉइडच्या क्रोमचं जे वेगळं नाव त्या यादीत आहे, त्याखाली फक्त चालू आवृत्तीचीच माहिती असते, जुन्या आवृत्त्या नसतात. म्हणून अँड्रॉइड ७ ची सोय करायची तर साध्या "क्रोम" या नावानेच आवृत्ती द्यायची.

ऑटोप्रीफिक्सर ओळी घालून देतं, काळजी घेत नाही. "@सपोर्ट्स" च्या बाहेर राहिलेला पारदर्शक रंग ते हलवणार नाही, मास्कशेजारी शब्दही लिहिणार नाही.

कुठली गोष्ट कुठल्या आवृत्तीपासून चालते ते "कॅन आय यूज" या साइटवर बघा. "बेसलाइन" ची खूणही उपयोगी आहे, पण ती समजून घ्या. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या सगळ्यांत आलं की "नव्याने उपलब्ध" आणि त्यानंतर ३० महिन्यांनी "सर्वत्र उपलब्ध". आमच्याकडे ३० महिने म्हणजे काहीच नाही. फोन पडून फुटेपर्यंत वापरला जातो, मग धाकट्याकडे जातो.

तपासायचं कसं

अँड्रॉइड यूएसबीने जोडून क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावरून तपासता येतो. आयफोनसाठी मॅक लागतो. तो नसेल तर प्लेराइट या चाचणीच्या साधनाबरोबर येणारं वेबकिट विंडोज आणि लिनक्सवर चालतं. ढोबळ चुका त्यात कळतात, पण ते नवं वेबकिट असतं, आयओएस १६ चं नव्हे.

म्हणून मी एक चाचणीपान ठेवलं आहे. त्यात जावास्क्रिप्टचं "सीएसएस.सपोर्ट्स" वापरून दहा-बारा गोष्टी विचारलेल्या असतात: बॅकड्रॉप-फिल्टर, मास्क, क्लिप-टेक्स्ट, एसव्हीएच आणि अशाच इतर. प्रत्येकीची प्रीफिक्ससह एक ओळ, प्रीफिक्सशिवाय एक. चालतं तर हिरवी, नाही तर लाल. खाली त्याच प्रॉपर्टी वापरून काढलेला नमुना असतो, कारण "चालतं" असं उत्तर आलं तरी वेलांटी कापलेली असू शकते, ती डोळ्यांनीच बघावी लागते. फोनचं मॉडेल माणसाला विचारून घ्या. अँड्रॉइडवरचं क्रोम आपली आवृत्ती खरी सांगतं, पण अँड्रॉइडची आवृत्ती सगळीकडे १० च सांगतं.

हे पान पाठवायची उत्तम वेळ म्हणजे गणपती. मुंबईचे चाकरमानी गावी येतात आणि एकाच ओटीवर आयफोनपासून जुन्या अँड्रॉइडपर्यंत सगळे फोन असतात. आरती झाल्यावर वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाका, स्क्रीनशॉट परत मागा, प्रत्येकाखाली मॉडेल लिहून घ्या. त्या काळात समुद्र पावसाळी असतो, साइटवर गर्दी नसते. ऑक्टोबरात दिवाळीच्या खोल्यांची चौकशी सुरू होण्याआधी लाल ओळींचे फॉलबॅक, म्हणजे त्या न चालल्या तर लागणारे साधे पर्याय, लिहून टाका. आणि जी प्रीफिक्सची ओळ एकाही स्क्रीनशॉटमधल्या फोनला लागत नाही, ती त्याच बैठकीत काढा.